सह्याद्रीतला रिपीटर टू मीटरवरच हवा

टू मीटरचा जमाना संपला, डोंगरावर यापुढे जो नवा रिपीटर बसेल तो सत्तर सेंटिमीटरच्या बँडवरच बसवा, हे मत आपल्या हॅम मंडळींत गेली काही वर्षं जोर धरतंय. ते मांडणारे लोक अभ्यासू आहेत. त्यांनी स्वतःच्या हातांनी अँटेना बांधल्यात, रात्री जागून उपग्रह ऐकलेत, आणि त्यांची कारणं पहिल्यांदा ऐकताना पटतात. तरीही हे मत चुकीचं आहे असं मी म्हणतो आणि ते मुद्दा घेऊन खोडून काढायला हवं असंही म्हणतो, कारण रिपीटर ही दरवर्षी बदलायची वस्तू नव्हे. वर्गणी गोळा होते, परवानगीचे कागद फिरतात, बॅटऱ्या आणि खांब माणसांच्या खांद्यावरून गडावर चढतात. एकदा तो बसला की जिल्ह्यातले सगळे हॅम त्या बँडशी अनेक वर्षं बांधले जातात. निवड चुकली असेल तर ते कळतं पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री, खोऱ्यातली हाक वर पोचत नाही तेव्हा.

या विषयाशी संबंध नसलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, हातातला पाच वॉटचा हँडसेट डोंगराआड बोलू शकत नाही. म्हणून उंच जागी एक यंत्रणा ठेवतात. ती एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि जे ऐकलं ते त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीनं प्रक्षेपित करते. हाच रिपीटर. भारतात या कामासाठी व्यवहारात दोन बँड हाताशी आहेत: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे टू मीटर, आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सत्तर सेंटिमीटर. वाद या दोघांतला आहे. दहा मीटरच्या बँडवरही जगात एफएम रिपीटर चालतात, पण तिथे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत जेमतेम १०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे रिसीव्हर एका जागी आणि ट्रान्समीटर काही किलोमीटर दूर दुसऱ्या जागी ठेवावा लागतो. आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांनी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

सत्तर सेंटिमीटरवाल्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा डुप्लेक्सरचा आहे. टू मीटरचा डुप्लेक्सर म्हणजे अर्ध्या मीटरहून उंच धातूच्या नळकांड्यांची रांग. जड, महाग, जागा खाणारी. सत्तर सेंटिमीटरचा मात्र हातात मावतो, स्वस्तात मिळतो, लावला की काम झालं. हा मुद्दा अमेरिकेत खरा आहे. आपल्याकडे तो उलटा पडतो, आणि कसा पडतो ते आकड्यांनीच दिसतं.

डुप्लेक्सरचं काम काय, तर एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालवणं. २५ वॉटचा ट्रान्समीटर बोलत असतो आणि त्याच क्षणी रिसीव्हरला मायक्रोव्होल्टच्या पाचव्या हिश्श्याएवढा क्षीण सिग्नल ऐकायचा असतो. या दोन ताकदींमधला फरक १६५ डेसिबलचा आहे, म्हणजे एकावर सोळा शून्यं देऊनही पुरत नाही इतका. ट्रान्समीटरची स्वच्छता आणि रिसीव्हरची निवडक्षमता त्यातला काही भार उचलतात. उरलेला, साधारण ८० ते ९० डेसिबलचा भार डुप्लेक्सरच्या कॅव्हिटींवर, म्हणजे त्या नळकांड्यांवर, येतो. हे काम किती अवघड आहे ते दोन फ्रिक्वेन्सींमधल्या अंतराचं मूळ फ्रिक्वेन्सीशी काय प्रमाण पडतं यावर ठरतं. टू मीटरवर जगभर ६०० किलोहर्ट्झचं अंतर रूढ आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या हिशेबानं ते ०.४१ टक्के होतं. अमेरिकेत सत्तर सेंटिमीटरवर ५ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवतात. ते एक टक्क्याच्या वर जातं. जर्मनीत तर ७.६ मेगाहर्ट्झ ठेवतात. इतकी ऐसपैस जागा असेल तर छोटा डुप्लेक्सर पुरणारच. त्यांना ते परवडतं, कारण अमेरिकेत हा बँड ४२० ते ४५० असा ३० मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि युरोपात ४३० ते ४४० असा १० मेगाहर्ट्झ.

आपल्याला मिळालेत चार. पाच मेगाहर्ट्झचं अंतर चार मेगाहर्ट्झच्या बँडात बसवून दाखवता येत नाही. आणि हे चारही मोकळे नाहीत. ४३५ ते ४३८ हा भाग जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा हॅम रिपीटर ४३७.८०० वर बोलतो. विद्यार्थ्यांनी बनवलेले कितीतरी छोटे उपग्रह याच पट्ट्यात आपला क्षीण आवाज खाली पाठवतात. तो भाग सोडला तर जमिनीवरच्या रिपीटरला उरतो ४३४ ते ४३५, फक्त एक मेगाहर्ट्झ. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी या टोकाला आणि बोलण्याची त्या टोकाला ठेवली तरी अंतराचं प्रमाण ०.२३ टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणजे ज्या टू मीटरच्या डुप्लेक्सरला आपण अवघड म्हणतो, त्याच्याहून जवळजवळ दुप्पट अवघड काम. वर आणखी एक अडचण: कॅव्हिटी जशी लहान होते तशी तिची धार, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी निवडून बाकीच्या अडवण्याची ताकद, कमी होते. काम दुप्पट अवघड झालं आणि हत्यार बोथट झालं. बाजारातले हातात मावणारे डुप्लेक्सर साधारण ५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त अंतरासाठी बनवलेले असतात. ते आणून एक मेगाहर्ट्झवर लावले तर रिपीटर स्वतःच्याच आवाजानं बहिरा होईल; डोंगराखालचा माणूस ओरडत राहील आणि वरचा रिसीव्हर ऐकणार नाही.

यावर एक उत्तर येतं की उपग्रहांचा भाग राखीव आहे हे खरं, पण त्याचा वापर करतंय कोण. ४३४ वर ऐकू आणि ४३७ च्या पुढे बोलू. हे उत्तर ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ नं कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट सोडला, तेव्हा भारतातल्या प्रत्येक हॅमची छाती फुगली होती. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास तो ऐकायचा आणि १४५ वर बोलायचा, आणि जगभरचे हॅम त्याच्यावरून गप्पा मारायचे. २०१४ पर्यंत त्यानं ही सेवा दिली. ज्या देशानं असा उपग्रह दिला, त्या देशातल्या हॅमनी डोंगरावरून २५ वॉटचा ट्रान्समीटर उपग्रहांच्या पट्ट्यात सोडायचा, आणि शेकडो किलोमीटर उंचीवरून अर्ध्या वॉटनं बोलणाऱ्या उपग्रहाचा आवाज सगळ्या जिल्ह्यासाठी बुडवायचा? बँडप्लॅन हा कायदा नसेल, पण आपल्यातला करार आहे, आणि तो मोडून उभा राहिलेला रिपीटर मला नको आहे.

दोन वेगळ्या अँटेना एकाच खांबावर खालीवर लावल्या तर डुप्लेक्सरवरचा भार हलका होतो, आणि तरंगलांबी कमी असल्यामुळे त्याचा फायदा सत्तर सेंटिमीटरला जास्त मिळतो, हे मान्य. खासगी जागेत, उंच मनोऱ्यावर ही युक्ती जरूर करावी. पण आपले बरेचसे उपयोगी माथे वनखात्याच्या नाहीतर पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत आहेत. तिथे सहा मीटरचा खांब मिळाला तरी खूप.

जपानचा दाखला हटकून दिला जातो. जपानमध्ये टू मीटरवर रिपीटर नाहीत, ४३० मेगाहर्ट्झवर आहेत. तंत्रज्ञानात पुढारलेल्या, भूकंपांना सरावलेल्या, डोंगराळ देशानं हे निवडलं, मग आपण का नाही? जपाननं हे का निवडलं ते पाहा. त्यांच्याकडे टू मीटर आपल्याएवढाच, दोन मेगाहर्ट्झचा, पण सत्तर सेंटिमीटर मात्र ४३० ते ४४० असा भरपूर. रिपीटर ४३९ च्या आसपास बोलतो आणि ५ मेगाहर्ट्झ खाली ४३४ ला ऐकतो. त्यांनी आपल्या हातातला मोठा बँड पाहून निर्णय घेतला. आपण आपला पाहून घ्यायचा. अमेरिकेतल्या पुस्तकात १.२५ मीटरच्या, म्हणजे २२२ ते २२५ मेगाहर्ट्झच्या रिपीटरचंही कौतुक वाचायला मिळतं; तो बँड भारतात हॅमना दिलेलाच नाही. परदेशातला तक्ता जसाच्या तसा उचलला की अशी गफलत होते.

परवान्याच्या दर्जाकडेही या चर्चेत कुणी बघत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आंतरराष्ट्रीय तक्त्यात १४४ ते १४६ हा पट्टा हौशी सेवेला प्राथमिक हक्कानं दिलेला आहे. ४३० च्या पट्ट्यात आपल्या भागात प्राथमिक हक्क रेडिओलोकेशनचा, म्हणजे रडारसारख्या सेवांचा, आपण दुय्यम. दुय्यम वापरकर्त्याला प्राथमिक सेवेपासून संरक्षण मागता येत नाही, आणि आपला त्रास होतोय असं त्यांनी म्हटलं तर थांबावं लागतं. घरातल्या हँडसेटसाठी हा फरक फार मोठा नाही. पण लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या, आपत्तीत चालेल या भरवशावर प्रशासनाला दाखवायच्या कायमच्या यंत्रणेसाठी तो मोठा आहे. शिवाय ४३४ ला लागूनच ४३३.९२ वर गाड्यांच्या किल्ल्या, गेटचे रिमोट, हवामान मोजणारी खेळण्यावजा यंत्रं असा बाजार भरलाय. त्यातली स्वस्त यंत्रं आपल्या जागेवर टिकत नाहीत. उपग्रह वाचवून जो एक मेगाहर्ट्झ उरतो, तो नेमका या शेजाऱ्यांच्या कुंपणाला चिकटून आहे.

आता लहरींच्या प्रवासाकडे येऊ, कारण तिथे दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. आमच्या बाजूचे लोक म्हणतात की यूएचएफ, म्हणजे सत्तर सेंटिमीटरची लहर, लांब जात नाही. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यावर मला वाद जिंकायचा नाही. मोकळ्या अवकाशात दोन्ही लहरी सारख्याच पसरतात. ४३५ म्हणजे १४५ ची बरोब्बर तिप्पट; त्यामुळे त्याच प्रकारच्या अँटेनाचं, उदाहरणार्थ साध्या डायपोलचं, लहर टिपण्याचं क्षेत्र नवव्या हिश्श्यावर येतं. डेसिबलच्या भाषेत हा साडेनऊचा तोटा. तो रस्त्यात होत नाही, अँटेनाच्या आकारात होतो. म्हणून प्रतिपक्ष म्हणतो, आणि बरोबर म्हणतो, की डोंगरावर तेवढ्याच लांबीची अँटेना लावा. त्या लांबीत सत्तर सेंटिमीटरचे तिप्पट घटक बसतील आणि जवळजवळ पाच डेसिबल परत मिळतील.

मिळतील, पण कुणाला? अँटेनाचा गेन हवेतून येत नाही. वरखाली सांडणारी ऊर्जा गोळा करून ती क्षितिजाच्या दिशेनं चपटी केली की गेन मिळतो. १० डेसिबलच्या आसपास गेन असलेल्या उभ्या अँटेनाचा झोत साधारण १० अंश जाड असतो, म्हणजे क्षितिजाखाली पाचेक अंश. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास आहे, पुण्याचं पठार ५६० च्या. तिथून पाच किलोमीटरवर आणि सातशे मीटर खाली असलेलं गाव आठ अंश खाली येतं. तो चपटा झोत त्या गावाच्या डोक्यावरून निघून जातो. दूर सोलापूरच्या दिशेनं सपाटीवर बसलेल्या हॅमला पाच डेसिबल मिळाले आणि गडाच्या पायथ्याच्या वाडीचे गेले. मैदानी मुलखात हा सौदा चालेल. घाटात ज्यांच्यासाठी रिपीटर उभा करायचा तेच यात वजा होतात.

उंचीचा मुद्दा दोन्ही बँडना सारखा लागू आहे. भोवतालच्या पठारापासून ७५० मीटर उंच माथ्यावरून रेडिओचं क्षितिज सुमारे ११० किलोमीटरवर येतं, बँड कोणताही घ्या. जे दिसतं ते दोन्ही बँडना दिसतं. फरक पडतो तो जे दिसत नाही त्यात. आणि सह्याद्रीत न दिसणारंच जास्त आहे. सिंहगडावरून नैर्ऋत्येला पाहा: राजगड आणि तोरणा छाती काढून उभे, आणि तोरणा तर सिंहगडाहून उंच. त्यांच्या पलीकडच्या खोऱ्यातली गावं कुठल्याच बँडला थेट दिसणार नाहीत. तिथे लहर पोचते ती डोंगराच्या धारेवरून वाकून. हे वाकणं लांब लहरीला सोपं जातं. तीक्ष्ण धारेमागे खोल सावलीत असलेल्या जागी ४३५ ला १४५ पेक्षा पावणेपाच डेसिबल जास्त तोटा होतो, आणि हा तोटा प्रत्येक धारेला वेगळा द्यावा लागतो. मध्ये दोन धारा आल्या तर दोनदा. तीन डेसिबल म्हणजे ताकद निम्मी, दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा; एवढं लक्षात ठेवलं की पाच वॉटच्या हँडसेटसाठी या आकड्यांचा अर्थ काय ते उमगेल.

पावसाबद्दलचा एक गैरसमजही इथेच काढून टाकतो, मग तो आमच्या बाजूच्या उपयोगाचा का असेना. पावसाचे थेंब या दोन्ही बँडना अडवत नाहीत. ते काम खूप वरच्या फ्रिक्वेन्सींवर सुरू होतं. अडवतात ती पानं. श्रावणातलं रान पाणी पिऊन तट्ट झालेलं असतं, आणि भिजलेल्या झाडोऱ्यातून जाताना सत्तर सेंटिमीटरची लहर टू मीटरच्या लहरीपेक्षा जास्त झिजते. सत्तर सेंटिमीटरच्या बाजूनं दाखवल्या जाणाऱ्या चाचण्या बहुधा डिसेंबर ते मे या काळात, ट्रेकला जाता जाता केलेल्या असतात. डोंगर तेव्हा उघडा असतो.

आणि आपल्याकडची संकटं कधी येतात? आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं. महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तीनही घटना जुलैतल्या, तीनही गावं डोंगराच्या कुशीत, उताराला खेटून. घाटातल्या रिपीटरचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर अशी गावं असतात. पानं भिजलेली, मध्ये धार उभी, जवळचा मोबाइल टॉवर वीज नसल्यानं बंद, आणि एखाद्या स्वयंसेवकाच्या हातात पाच वॉटचा हँडसेट. या माणसाला प्रत्येक डेसिबल हवा आहे. रिपीटर कुठल्या बँडवर चांगला वाजतो हे शहरातल्या गच्चीवर बसून ठरवता येत नाही, ते या माणसाच्या जागेवरून ठरवावं लागतं.

शहराचा विषय निघालाच आहे तर प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. टू मीटरवर गोंगाट फार, असं ते म्हणतात. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी. शहरात १४५ वर ऐकू येणारा कचरा ४३५ पेक्षा बराच जास्त असतो. अगदी खरं. पण हा गोंगाट कोणाच्या कानाशी आहे, हे विचारायला हवं. रिपीटरच्या संवादात दोन वाटा असतात. खालून वर जाणारी वाट पाच वॉटची, वरून खाली येणारी पंचवीस वॉटची. खाली येणाऱ्या वाटेला सात डेसिबलचा वाढावा आधीच आहे, आणि शहरातला गोंगाट त्या वाटेच्या टोकाला आहे. दुबळी वाट ती वर जाणारी, आणि तिच्या टोकाचा रिसीव्हर गडावर आहे, जिथे दिवे नाहीत, लिफ्ट नाहीत. गोंगाटाचा त्रास ज्या वाटेला होतो तिला तो सोसायची ताकद आहे. जिला ताकद नाही ती शांत जागी संपते. माथ्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रणांची गर्दी असेल तर हे गणित बदलतं. मग तो माथाच रिपीटरला योग्य आहे का हे आधी तपासावं.

मुंबईपुरतं मात्र मी प्रतिपक्षाशी सहमत आहे. काँक्रीटच्या उंच इमारतींच्या दाटीत आखूड लहर खिडक्यांतून, जिन्यांतून आत शिरते, भिंतींवर आदळत गल्लीबोळांत पोचते. अंतरं आठ-दहा किलोमीटरची. गोंगाट दोन्ही टोकांना. तिथे उंच इमारतीवर कमी ताकदीचा सत्तर सेंटिमीटरचा रिपीटर, दोन वेगळ्या अँटेना आणि चांगल्या कॅव्हिटींसह, जरूर बसवावा. जे दादर ते अंधेरीला लागू आहे ते महाड ते पोलादपूरला लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

हँडसेटच्या रबरी अँटेनाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वीतभर लांबीची ती दांडी सत्तर सेंटिमीटरला जवळजवळ पुरी पडते आणि टू मीटरला फार तोकडी, त्यामुळे टू मीटरवर हँडसेटची बरीच ताकद तिथेच वाया जाते. यावर उपाय आहे, आणि तो इतका स्वस्त आहे की त्यासाठी बँड बदलण्याचा विचार मला पटत नाही. ४९ सेंटिमीटरची एक वायर हँडसेटच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली सोडली की तोट्याचा मोठा भाग भरून निघतो. पाव तरंगलांबीची लवचिक अँटेना लावली तर आणखी बरं. प्रत्येक क्लबनं सदस्यांना ही वायर करायला शिकवावी. याउलट डोंगरधारेमागचे पावणेपाच डेसिबल परत आणणारी वायर कुणाकडे नाही.

फीडरचा खर्चही मोजा. खांबावरच्या अँटेनापासून खालच्या पेटीपर्यंत ३० मीटर आरजी-२१३ केबल टाकली तर टू मीटरवर साधारण अडीच डेसिबल जातात, सत्तर सेंटिमीटरवर साडेचारच्या वर. ते भरून काढायचे तर जाड, महाग केबल घ्या. स्वस्त डुप्लेक्सरमध्ये वाचवलेले पैसे केबलमध्ये जातात, आणि तो स्वस्त डुप्लेक्सर आपल्या बँडात मुळात चालतच नाही हे वर आलंच आहे.

टू मीटर भरला, जागा नाही, ही तक्रार मला हिशेबात बसत नाही. युरोपातल्या पद्धतीनं १४५.० ते १४५.२ मध्ये ऐकायचं आणि १४५.६ ते १४५.८ मध्ये बोलायचं असं ठरवलं, आणि १२.५ किलोहर्ट्झच्या पायऱ्या धरल्या, तर सोळा जोड्या होतात. १४५.८ च्या वरचा उपग्रहांचा भाग शाबूत राहतो, १४५.५ वरची थेट बोलण्याची जागाही मोकळी राहते. एकच जोडी दूरच्या दोन जिल्ह्यांत वापरता येते. मध्ये सह्याद्रीच्या रांगा आहेतच, आणि टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा ठरलेला सूर, लावला की पलीकडच्याचा हँडसेट आपला रिपीटर उघडत नाही. किनारपट्टीवर उन्हाळ्यात कधी कधी समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळे शेकडो किलोमीटरवरचे सिग्नल घुसतात, पण ते दोन्ही बँडवर घुसतात. आज अडचण जागेची नाही, समन्वयाची आहे. कुणी कुठली जोडी घेतली याची एकत्र नोंद न ठेवता आपण नवे रिपीटर उभे करतो, आणि मग बँड भरला म्हणतो.

उलट मला भीती वाटते ती टू मीटर ओस पडण्याची. २०१९ साली फ्रान्सनं युरोपातल्या नियामकांच्या बैठकीत १४४ ते १४६ हा पट्टा विमानसेवांसाठी अभ्यासायला घ्यावा असा प्रस्ताव आणला होता. जगभरच्या हॅमनी आवाज उठवला आणि काही महिन्यांत तो बारगळला. तेव्हा आपल्या बाजूनं सांगता आलं की हा पट्टा रोज वापरात आहे. आपल्या हातात पूर्ण हक्काची एवढीशी पट्टी, तिच्यावरचे रिपीटर आपणच एकेक करून हलवायचे आणि दुय्यम हक्काच्या गर्दीत जाऊन बसायचं, हा निर्णय मला समजत नाही.

सत्तर सेंटिमीटरला डोंगरावर काम नाही असं मात्र मी म्हणत नाही. दोन माथ्यांवरचे रिपीटर एकमेकांना जोडायचे असतील तर त्याच्याइतका चांगला बँड नाही. यागी अँटेना छोटी, झोत अरुंद, माथा माथ्याला थेट दिसतो, त्यामुळे धार आणि झाडोरा दोन्ही आड येत नाहीत. ४३४ ते ४३५ मधला तो मेगाहर्ट्झ या कामासाठी पुरेसा आहे. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. १४५ ची तिप्पट ४३५ होते, १४५.६५० वर बोलणाऱ्या ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक ४३६.९५० वर, थेट उपग्रहांच्या पट्ट्यात पडतो. म्हणून टू मीटरच्या ट्रान्समीटरनंतर चांगला लो-पास फिल्टर हवाच. लिंक ४३४ ते ४३५ मध्ये ठेवली तर ती स्वतः या हार्मोनिकच्या तडाख्यातून सुटते, आणि फिल्टरमुळे उपग्रह ऐकणारेही सुटतात.

जुने यूएचएफ व्यावसायिक सेट स्वस्तात मिळतात, डीएमआरवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर, जाता येतं, हे कारणही ऐकतो. व्हीएचएफचे, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचे तसे सेटही त्याच दुकानांत असतात, आणि डीएमआर दोन्हींवर चालतं.

माझी मागणी साधी आहे. बँड ठरवण्याआधी क्लबनं आपल्या जिल्ह्यातल्या, डोंगराआड असलेल्या आणि दरडप्रवण यादीत असलेल्या गावांची निवड करावी. ठरलेल्या माथ्यावर दोन्ही बँडचे, सारख्या लांबीच्या अँटेनांचे रिसीव्हर तात्पुरते ठेवावेत. दोन जणांनी त्या प्रत्येक गावात जाऊन, घराच्या दारात उभं राहून, पाच वॉटवर दोन्ही बँडवरून हाक द्यावी आणि वर काय ऐकू आलं ते लिहून ठेवावं. हे एकदा एप्रिलमध्ये करावं आणि दुसऱ्यांदा जुलैमध्ये. जुलैच्या वहीत सत्तर सेंटिमीटर टू मीटरच्या बरोबरीनं उतरला, आणि उपग्रहांच्या पट्ट्याला हात न लावता त्याचा डुप्लेक्सर रिपीटरला बहिरं करत नाही हे टेबलावर मोजून दाखवलं, तर सभेत सत्तर सेंटिमीटरच्या बाजूनं पहिला हात मी वर करीन. तोवर डुप्लेक्सरची ऑर्डर कुणी देऊ नये.